फ्री किक : शिट्टीची वाट कोणी बघायची?

रंकाळाकाठ

दुसऱ्या एका धाग्यावर सुनील छेत्रीच्या त्या गोलचा विषय निघाला आणि मूळ चर्चा बाजूलाच राहिली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ मार्च २०२३, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) बाद फेरीचा सामना, बंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेत बंगळुरूला डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या, बाहेर फ्री किक मिळाली. केरळची मंडळी भिंत (बॉलसमोर बचाव करणाऱ्यांची रांग) लावण्याच्या गडबडीत, गोली जागेवर नाही, तेवढ्यात छेत्रीने शिट्टीची वाट न बघता बॉल अलगद जाळ्यात टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी अख्खा संघ मैदानाबाहेर बोलावून घेतला आणि तो परत उतरलाच नाही. सामना बंगळुरूला मिळाला. महिनाअखेरीस भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) ब्लास्टर्सना ४ कोटींचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली.

त्या गोलला 'चोरटा गोल' म्हणणारे अजूनही भेटतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडतो.

फ्री किक ही ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्या हक्काची. तुम्ही त्याला पाडलंत, त्याची चाल मोडलीत. आता तुम्हाला मागे जायला, माणसं मोजायला, गोलीला कोपरा निवडायला निवांत वेळ मिळावा, आणि तोवर त्याने बॉलवर पाय ठेवून ताटकळत बसावं, हा कुठला न्याय? नियमात ९.१५ मीटर, म्हणजे जुने १० यार्ड, मागे हटण्याची सक्ती आहे ती बचाव करणाऱ्यांवर. त्यांना भिंत बांधायला वेळ द्यावा असं एक वाक्य अख्ख्या नियमावलीत नाही. भिंत लावणं ही त्यांची सोय आहे. जमली तर लावा, नाही जमली तर ते तुमचं नशीब.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एखादा तालमींच्या संघांचा सामना बघा. फाऊल झाला की सगळ्यात आधी बॉलसमोर कोण येऊन उभं राहतं? ज्याने फाऊल केला तोच. दोन्ही हात वर करून 'मी काही केलंच नाही' म्हणत रेफ्रीशी बोलत राहतो, पाय मात्र बॉलपासून वीतभरही हलवत नाही. मागे त्याची टीम सावकाश गोळा होते. आणि गॅलरीत कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही! मग ज्याने ही वेळकाढूपणाची संधीच दिली नाही तो छेत्री मात्र चोर?

कोचीची_मेघना

मी मूळची पुण्याची, गेली काही वर्षं कोचीत. त्या सामन्यानंतर इथलं वातावरण काय होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून दुसरी बाजू मांडते.

तुमचं तत्त्व मान्य आहे. फ्री किक चटकन घेता येते हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. केरळची तक्रार वेगळी होती. त्यांचं म्हणणं असं की, रेफ्रींनी तोवर खेळ हातात घेतला होता. तसं असेल तर चटकन घेण्याची वेळ निघून गेलेली असते आणि पुढची किक शिट्टीनेच सुरू व्हायला हवी. फुटबॉलमध्ये खेळाडू रेफ्रीच्या देहबोलीवर चालतात. रेफ्री बॉलजवळ थांबलेला दिसला की सगळे गृहीत धरतात की आता शिट्टी वाजणार. त्यात लबाडी कुठे आली?

मैदान सोडणं चूकच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण 'झोपले होते म्हणून गोल खाल्ला' हे फार सोपं करून सांगितल्यासारखं वाटतं.

जुना_रेफ्री

मेघनाताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. जिल्हा पातळीवर बरीच वर्षं शिट्टी फुंकली आहे, त्या अनुभवावरून आणि नियमावलीवरून लिहितो.

फाऊल दिल्यावर रेफ्रीसमोर दोन वाटा असतात. पहिली, काहीच करायचं नाही. बॉल योग्य जागी आहे, थांबलेला आहे, एवढं बघायचं आणि बाजूला व्हायचं. मारणारा हवं तेव्हा मारेल. समोरचा चार पावलांवर असला आणि बॉल त्याच्या पायाला लागला तरी खेळ चालू. कारण अंतराची वाट न बघता मारण्याचा धोका मारणाऱ्याने स्वतः पत्करलेला असतो. नियम १३ मध्ये हे स्पष्ट आहे. तिथेच पुढचं वाक्य आहे, जे आपल्याकडे फारसं वापरलं जात नाही: किक चटकन घेता येऊ नये म्हणून जो मुद्दाम आडवा येतो त्याला पिवळं कार्ड. रंकाळाकाठ म्हणतात तो हात वर करून उभा राहणारा इसम नियमाने कार्डाचा धनी आहे.

दुसरी वाट म्हणजे मारणाऱ्याने अंतर मागितलं, किंवा रेफ्रीने स्वतः भिंत मागे न्यायला घेतली, किंवा कार्ड दाखवायला, जखमीसाठी, बदली खेळाडूसाठी खेळ थांबवला. अशा वेळी शिट्टीशिवाय खेळ सुरू होऊ शकत नाही. रेफ्रीने शिट्टीकडे बोट दाखवून दोन्ही संघांना तसं सांगायचं असतं. मी तर मोठ्याने ओरडून सांगायचो, 'शिट्टीवर!' मग कोणी आधी मारली तर किक पुन्हा.

बंगळुरूच्या सामन्यात अख्खा वाद या दोन वाटांच्या मधल्या रेषेचा आहे. छेत्रीने सामन्यानंतर सांगितलं की, मला शिट्टीही नको आणि भिंतही नको असं त्याने रेफ्रींना आधीच सांगितलं होतं. मारणाऱ्याने असं सांगितलं आणि रेफ्रीने मान्य केलं तर पहिली वाट उघडी राहते. त्यांनी ती मान्य केली होती की नाही, हा मैदानावरच्या वस्तुस्थितीचा निर्णय, आणि नियम ५ प्रमाणे त्यात रेफ्रीचा शब्द अंतिम. म्हणूनच ब्लास्टर्सची तक्रार टिकली नाही.

हे भारतातच झालं असंही नाही. १२ डिसेंबर २००४, आर्सेनल विरुद्ध चेल्सी. रेफ्री ग्रॅहम पोल यांनी थिएरी हेन्रीला विचारलं, चटकन घेणार का भिंत हवी? हेन्री म्हणाला चटकन. चेल्सीचा गोली पीटर चेक पोस्टला टेकून भिंत लावत होता, बॉल जाळ्यात गेला. चेल्सीने आकाशपाताळ एक केलं, गोल कायम राहिला. २० फेब्रुवारी २००७ ला चॅम्पियन्स लीगमध्ये लील विरुद्ध मँचेस्टर युनायटेड सामन्यात रायन गिग्जने ८३व्या मिनिटाला अगदी असाच गोल केला. लीलचे खेळाडूही मैदानाबाहेर चालू लागले होते! फरक एवढाच की ते परत आले आणि सामना पूर्ण झाला. त्यांची तक्रारही युएफाने (युरोपीय फुटबॉल संघटना) फेटाळली.

नवखा_प्रेक्षक

फार छान चाललंय. एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारू का? रेफ्री कधीकधी फ्री किकच्या वेळी हात सरळ वर धरून उभा राहतो, कधी नाही. त्याचा अर्थ काय?

जुना_रेफ्री

हात वर म्हणजे अप्रत्यक्ष फ्री किक. मारलेला बॉल दुसऱ्या कोणाला तरी लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. बॉल दुसऱ्याला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत हात वरच ठेवायचा. अप्रत्यक्ष किक कोणालाही न लागता थेट समोरच्या गोलमध्ये गेली तर गोल किक मिळते. पण रेफ्री हात वर करायला विसरला आणि बॉल थेट आत गेला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. रेफ्रीच्या चुकीची शिक्षा मारणाऱ्याला देत नाहीत, आणि हे मला या नियमातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम वाटतं.

हात खाली असेल तर प्रत्यक्ष. लाथ मारणं, पाडणं, ढकलणं, धरून ठेवणं, हाताने बॉल खेळणं, असे अंगावरचे गुन्हे यात येतात. हेच गुन्हे बचाव करणाऱ्याने स्वतःच्या डीमध्ये केले की पेनल्टी. अप्रत्यक्ष किक ऑफसाइडला, अंगाला न लागता केलेल्या धोकादायक खेळाला, स्पर्श न करता वाट अडवल्याबद्दल, आणि आपल्याच माणसाने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलीने हातात घेतला तर मिळते. हा शेवटचा नियम १९९२ चा. त्याआधी आघाडी घेतलेला संघ बॉल गोलीकडे देऊन देऊन सामना कंटाळवाणा करून टाकायचा. गोलीने बॉल जास्त वेळ हातात धरला तर पूर्वी अप्रत्यक्ष किक असायची. २०२५-२६ पासून तिथे ८ सेकंदांची मर्यादा आणि समोरच्याला कॉर्नर असं झालंय.

एक गंमतशीर कोपरा. अशी अप्रत्यक्ष किक गोलपासून पाच-सहा मीटरवर मिळाली तर ९.१५ मीटर मागे जायला जागाच नसते. तेव्हा बचाव करणाऱ्यांना दोन पोस्टच्या मध्ये गोलरेषेवर उभं राहायची मुभा आहे. अकराच्या अकरा जण रेषेवर दाटीवाटीने उभे, आणि बॉलला पहिला पाय लागताच सगळे एकदम पुढे झेपावतात. बघितलं नसेल तर शोधून बघा.

एक_नंबर_जर्सी

गोली म्हणून खेळलोय, त्यामुळे भिंतीबद्दल मीच लिहायला हवं.

टीव्हीवर भिंत आयती उभी राहिल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. बॉल वीस-बावीस मीटरवर, थोडा डावीकडे. मी धावत जवळच्या पोस्टला जातो, एक हात लोखंडाला, आणि बॉल व पोस्ट एका रेषेत धरून भिंतीतला बाहेरचा माणूस बघतो. तो त्या रेषेच्या अर्धा माणूस बाहेर हवा, कारण आत वळणारा बॉल त्याच्या खांद्यावरून फिरून येतो. मी बोंबलतो, 'अजून एक! उजवीकडे! बास!' त्या गोंगाटात भिंतीला ऐकू जात नाही, म्हणून हातवारे. मग उलट्या पावली माझ्या बाजूला, म्हणजे लांबच्या अर्ध्या गोलकडे येतो आणि तेव्हा कळतं की भिंतीमुळे मला बॉलच दिसत नाहीये. तिथून दोन पावलं सरकायचं की नाही, हा खरा निर्णय. जास्त सरकलो तर लांबचा कोपरा उघडा. नाही सरकलो तर बॉल भिंतीवरून वर आल्यावरच दिसणार.

आता मेघनाताई, तुमच्या मुद्द्यावर येतो. मी पोस्टला टेकलेला असताना उरलेला गोल मोकळा असतो, साधारण ७ मीटर. हेन्री, गिग्ज, छेत्री, तिघांनीही तोच क्षण साधला. गोली पोस्टजवळ जातो कारण त्याला शिट्टी वाजेल अशी खात्री असते. ती खात्री रेफ्रीच्या तोंडून ऐकल्याशिवाय धरायची नाही, एवढंच मी म्हणेन. गोलीला हे कडू वाटतं, पण असंच आहे.

भिंतीचे नियमही बदललेत. पूर्वी आक्रमक संघाची माणसं भिंतीत घुसायची, ढकलाढकली चालायची. २०१९-२० पासून तीन किंवा जास्त जणांची भिंत असेल तर समोरच्या संघाने तिच्यापासून किमान १ मीटर लांब राहायचं. भिंत हळूहळू पुढे सरकायची ती बंद झाली २०१४ च्या विश्वचषकातल्या पांढऱ्या फेसामुळे. आणि भिंतीने उडी मारली की खालून जाणारा बॉल अडवायला मागे एक जण आडवा झोपतो, ते गाजलं ऑक्टोबर २०१८ मध्ये. कॅम्प नूवर इंटर मिलानचा ब्रोझोविच लुईस सुआरेझच्या किकआधी भिंतीमागे आडवा पडला आणि बॉल नेमका त्यालाच लागला. आता तर शाळेच्या सामन्यातही एक जण झोपलेला दिसतो.

भिंतीची गोष्ट निघाली की झाईरेच्या म्वेपु इलुंगाची आठवण काढायलाच हवी. १९७४ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या फ्री किकला हा भिंतीतून धावत बाहेर आला आणि ब्राझीलच्या कोणी पाय लावायच्या आत बॉल लांब उडवून दिला. कितीतरी वर्षं जग त्याला हसलं, 'आफ्रिकेच्या खेळाडूंना नियमच माहीत नाहीत' म्हणून. त्याने पुढे सांगितलं की नियम मला पक्का ठाऊक होता. आधीच्या सामन्यात युगोस्लाव्हियाकडून ९-० हरल्यावर हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीने संघाला धमकावलं होतं आणि तो त्या दडपणाखाली खेळत होता. ती क्लिप हसण्यासाठी पाठवली जाते तेव्हा मला खरंच राग येतो.

सायली_द

भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे बॉल वळतो कसा यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बॉल स्वतःभोवती फिरत पुढे जातो तेव्हा त्याच्या एका बाजूची हवा फिरण्याच्या दिशेने ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूची अडते. मागे सुटणारा हवेचा प्रवाह त्यामुळे एका बाजूला वळतो आणि बॉल उलट बाजूला ढकलला जातो. हाच मॅग्नस परिणाम. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने मारला की मारणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे वळतो, बेकहॅमसारखा. ६ ऑक्टोबर २००१ ला ग्रीसविरुद्ध ९३व्या मिनिटाला त्याने मारलेला, इंग्लंडला विश्वचषकात नेणारा गोल हा याचा सगळ्यात स्वच्छ नमुना.

ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसचा ३ जून १९९७ चा, ल्योंमधला फ्रान्सविरुद्धचा गोल मात्र वेगळ्या जातीचा. अंतर जवळपास ३५ मीटर. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने मारलेला. बॉल भिंतीच्या उजवीकडून इतका लांब गेला की गोलच्या बाजूला उभ्या असलेल्या बॉल बॉयने मान खाली घातली. आणि मग तो डावीकडे वळून पोस्टच्या आतल्या बाजूला लागून आत. फ्रान्सचा गोली बार्थेझ जागचा हललासुद्धा नाही. २०१० मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की असा फिरणारा बॉल हवेतून जाताना मंदावतो तसा त्याचा मार्ग वर्तुळाकार न राहता आत आत वळणाऱ्या सर्पिलासारखा होतो. जवळून मारलं तर हे वळण दिसायच्या आधीच बॉल गोलपर्यंत पोहोचतो. ३५ मीटर होते म्हणून ते शेवटचं तीव्र वळण दिसलं. म्हणजे तो गोल अंतर जास्त होतं 'तरी' झाला असं आपण म्हणतो, तो खरं तर अंतर जास्त होतं म्हणून झाला.

वेळेचा हिशोबही बघा. ताशी १०० किमी वेगाचा बॉल भिंतीपर्यंतचे ९.१५ मीटर सुमारे ०.३३ सेकंदात कापतो. २२ मीटरवरच्या गोलपर्यंत ०.८ सेकंद किंवा थोडं जास्त. गोलीला भिंतीमुळे सुरुवातीचा काळ बॉल दिसलाच नाही तर उरतं काय? एक_नंबर_जर्सी लिहितात त्या दोन पावलांचं महत्त्व यात आहे.

मडगावकर

सायलीताई, न फिरणाऱ्या बॉलवरही लिहा ना! आमच्या गोव्यात ब्राझीलवाल्यांचं वेड असल्यामुळे मीच सुरुवात करतो. पन्नासच्या दशकात ब्राझीलचा दिदी फ्री किक अशी मारायचा की बॉल वर जाऊन अचानक खाली यायचा. तिकडे तिला 'फोल्या सेका', म्हणजे सुकलेलं पान, म्हणतात. तोच वारसा पुढे जुनिन्यो पर्नाम्बुकानोने नेला. ल्यों या फ्रेंच क्लबसाठी त्याने ४४ फ्री किक गोल केले. २००३ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध ऑलिव्हर कानसारखा गोली त्याच्या बॉलपुढे पार गोंधळून गेला होता. क्रिस्तियानो रोनाल्डोच्या कारकिर्दीतल्या सुरुवातीच्या किकही त्याच वळणाच्या.

पण मला सगळ्यात आवडती फ्री किक म्हणजे २३ जून २०१८, सोची, जर्मनी विरुद्ध स्वीडन. जर्मनीचा बोआटेंग लाल कार्डामुळे बाहेर गेलेला, जर्मनी दहा जणांनी खेळतंय, १-१, ९५वं मिनिट. डीच्या डाव्या कडेला किक. तिथून थेट मारायला कोन फार बारीक. टोनी क्रूसने काय केलं? बॉल हळूच रॉइसकडे ढकलला, रॉइसने पायाखाली थांबवला, आणि क्रूसने तिथून लांबच्या कोपऱ्यात वळवला. एका स्पर्शाने कोन उघडला आणि भिंतीची अख्खी मांडणी वाया गेली. प्रत्यक्ष किक मिळाली म्हणजे थेटच मारली पाहिजे असं नाही, हे इतक्या दडपणात सुचणं म्हणजे डोकं किती थंड!

बंगळुरूच्या त्या संघाचं पुढचंही सांगतो. छेत्रीच्या गोलने ते उपांत्य फेरीत गेले, तिथे मुंबई सिटीला शूटआउटमध्ये ९-८ ने हरवलं, आणि १८ मार्चला अंतिम सामना आमच्या फातोर्ड्यात झाला. २-२ नंतर पेनल्टीवर एटीके मोहन बागान जिंकलं.

सायली_द

मडगावकर, न फिरणाऱ्या बॉलची गोष्ट तुम्ही सांगितलीच आहे! थोडी भर घालते. बॉल जवळजवळ न फिरता गेला तर मागचा हवेचा प्रवाह स्थिर राहत नाही, कधी या बाजूने सुटतो, कधी त्या. त्यामुळे बॉल हवेतच डगमगतो. मारणाऱ्यालाही तो नेमका कुठे जाईल हे ठाऊक नसतं, म्हणून गोलीला पाठांतराचा उपयोग होत नाही. बॉलच्या मध्यावर पाय आदळायचा आणि तिथेच थांबवायचा, पुढे ओढायचा नाही.

यार्राकाठी

मेलबर्नहून. इथे 'फूटी'त, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये, फ्री किक हा सामन्याचा श्वासच आहे, दर काही मिनिटांनी असते. तिथे तुमचा हा चटकनचा वाद दुसऱ्या पद्धतीने सोडवलाय. ज्या जागी किक मिळाली तिथे समोरचा एक खेळाडू उभा राहतो, आणि २०२१ पासून त्याने तिथून हलायचंच नाही. हलला किंवा वेळ घालवला की थेट ५० मीटरचा दंड, म्हणजे बॉल गोलच्या दिशेने ५० मीटर पुढे. इतकी जबर शिक्षा असल्यामुळे बॉलसमोर उभं राहून रेफ्रीशी गप्पा मारायची कोणाची हिंमत होत नाही. शिवाय वेळ संपल्याचा सायरन वाजायच्या आधी मिळालेली किक सायरननंतरही घेता येते, आणि त्यावर सहा गुणांचा गोल होऊ शकतो.

जुना_रेफ्री

यार्राकाठी, चांगली माहिती. आपल्या फुटबॉलमध्ये वेळ संपल्यावर फक्त पेनल्टीसाठी खेळ लांबवतात, फ्री किकसाठी नाही. रग्बीत फ्री किक ही पेनल्टीपेक्षा हलकी शिक्षा, तिच्यावरून थेट गोल करता येत नाही. हॉकीत तर २००९ पासून फ्री हिट स्वतःलाच पास देऊन घेता येते आणि त्यामुळे खेळ कितीतरी वेगवान झाला. शिट्टी, वाद, रांगा, सगळं कमी झालं. फुटबॉलनेही त्या दिशेने विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

कोचीची_मेघना

जुना_रेफ्री, हेन्रीला रेफ्रीने विचारलं होतं हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटला. पण तो प्रश्न फक्त मारणाऱ्याला ऐकू गेला. समोरच्या गोलीला कोणी सांगितलं? 'शिट्टीवर' असेल तर ओरडून सांगायचं ही पद्धत आहे, तर 'शिट्टी नाही' हेही तितक्याच स्पष्टपणे दिसायला हवं. अप्रत्यक्षला हात वर असतो तशी एखादी खूण यालाही का नसावी?

जुना_रेफ्री

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, खूण नसणं हीच मुळात स्थिती आहे. फ्री किकला शिट्टी लागत नाही हा नियम, लागते तो अपवाद, आणि खूण अपवादाला असते. 'शिट्टी नाही' अशी खूण केली तर चटकन घेण्याचा फायदाच गेला, कारण सगळे सावध होतील. मात्र रेफ्रीने अर्धवट वागू नये. एकतर बाजूला व्हावं, नाहीतर पूर्ण ताबा घेऊन शिट्टी दाखवावी. बॉलजवळ रेंगाळणारा रेफ्री दोन्ही संघांवर अन्याय करतो. इथे मी तुमच्या बाजूने आहे.

रंकाळाकाठ

एवढं मलाही मान्य. मेघना, तुमच्यामुळे चर्चा गोलच्या पलीकडे गेली.

आता एक कामाचा प्रश्न. मी पेठेतल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना संध्याकाळी शिकवतो. पोरं फाऊल झाला की रेफ्रीकडे धावतात, बॉलकडे पाठ. त्यांना काय सवय लावू?

एक_नंबर_जर्सी

दोन गोष्टी, भावा. फाऊल तुमच्याविरुद्ध गेला की सगळ्यात जवळच्या पोराने बोलायचं नाही, बॉलकडे तोंड ठेवून उलट्या पावली मागे जायचं. नऊ मीटर म्हणजे साधारण दहा मोठी पावलं, ती मोजायला लावा. पाठ फिरवली तर दोन बैठका. खेळात आणलं की पोरं आठवड्यात शिकतात.

दुसरं, गोलीला पोस्टपाशी जाऊच देऊ नका. भिंतीची रेषा लावायचं काम तुमच्या स्ट्रायकरला (आघाडीच्या खेळाडूला) द्या. त्याने बॉलच्या मागे, मारणाऱ्याच्या पाठीशी ९.१५ मीटर अंतरावर उभं राहून तिथून जवळचा पोस्ट बघायचा आणि भिंतीतल्या बाहेरच्या माणसाला हाताने सरकवायचं. रेषा तिथूनही तितकीच नीट दिसते. गोली पूर्ण वेळ गोलच्या मध्यात, पाय सैल, डोळे बॉलवर. रेफ्रीने 'शिट्टीवर' म्हटलं की मगच त्याने स्वतः एकदा पोस्टला जाऊन तपासायचं. सरावात तुम्ही स्वतः मारा, आणि दर तीन-चार किकांमागे एखादी न सांगता लगेच मारा. गोली जागेवर नसेल तिथे बॉल टाका.

रंकाळाकाठ

उद्यापासून सुरू करतो. आमच्याकडे स्ट्रायकर दोन आहेत, दोघांनाही रेषा लावायला शिकवतो, म्हणजे एक बदली होऊन बाहेर गेला तरी अडणार नाही.